जखम क्रमांक दोन

मॅडम बोलतात, मी लिहितो.
सतरा वर्षं, सांगली सिव्हिलच्या मागच्या खोलीत,
पंख्यानं कार्बन उडू नये म्हणून
पॅडवर कोपर रोवून.

डावीकडे, चौथ्या-पाचव्या बरगडीमधली फट.
बहुतेक तिथूनच.
लांबी दोन सेंटिमीटर. कडा स्वच्छ.
एक टोक अणकुचीदार, दुसरं बोथट,
म्हणजे एकधारी सुरी.
बाहेरून वाटतं, दोन टाके घातले असते
तर चालत गेला असता घरी.

आत उजवा कप्पा फाटलेला. तो पुढं असतो, म्हणून तोच आधी.
सोबत कधी फुप्फुसाची कड,
सुरी खालून आली असेल तर पडदा, यकृत.
हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते,
जपायला दिलेली.
तीच भरत जाते रक्तानं
आणि आवळते आतल्याला.
मॅडम मापतात. दोनशे मिली.
दोन कप चहा.
एवढ्यात भागतं.

मग म्हणतात, "हात उलटे करा."
संभा करतो.
अंगठ्याच्या बेचक्यात चीर. चार बोटांवर एकच आडवी ओळ,
पातं धरलं होतं त्यानं.
मनगटाबाहेर. कोपराखाली.
माणूस जिथं जिथं नको म्हणाला
तिथं तिथं एक क्रमांक पडतो.
एकदा मी एकोणीसपर्यंत गेलो होतो.
एकोणिसावी करंगळीवर.

पण मंगळवारी मार्केट यार्डातला चन्नाप्पा आला.
हळदीचा हमाल.
संभानं दोनदा धुतला. रक्त गेलं,
तळव्यांतली हळद काही जाईना.
दोन्ही हात पिवळेधमक,
आणि कुठं एक ओरखडा नाही.
मी सवयीनं 'जखम क्रमांक दोन' लिहून बसलो होतो.
"खोडा ते," मॅडम म्हणाल्या. "बाजूला सही करा."

हात वर का नाही केलेस रे?
झोपेत नव्हतास, पायात चपला होत्या.
दारू नाही. वार समोरून.
एवढ्या जवळ आपण कुणाकुणाला येऊ देतो?

त्याला कॉलम नाही.

बाहेर बाकावर भाऊ होता, इराप्पा.
सही येत नाही म्हणाला.
अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला,
निळ्याच्या कडेला पिवळी किनार उमटली.
यार्डात सगळ्यांचेच हात पिवळे असतात.
तपास पोलिसांचा. आमचं काम जखमा मोजायचं.

"सायेब, लई तरास झाला आसंल का त्येला?"
मी म्हणालो, नाही.
तो माझ्या कार्बननं निळ्या झालेल्या
बोटांकडं बघत होता.