सफरचंदी हिरवा

डंडीत जानेवारीत साडेतीनलाच दिवे लागतात.
मला फरक पडत नाही; माझी खोली मुळातच काळोखी,
खिडकीला काळा पडदा,
दारावर पाटी : आत काम चालू आहे.

काचपट्टीवर कुणा अनोळखी रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशी,
स्पिरिटमध्ये जागच्या जागी थिजवलेल्या.
त्यांच्यावर थेंब सोडला
एल्स्पेथ रॅट्रे, वय एकसष्ट, हिच्या रक्तातल्या पिवळट पाण्याचा,
एकास वीस पातळ केलेला.
अर्धा तास थांबले. धुतलं.
मग मेंढीची प्रतिपिंडं,
माणसाच्या प्रतिपिंडांना हुडकून चिकटणारी,
शेपटीला चमकता रंग बांधलेली.
ती मेंढी आत्ता कुठल्यातरी उतारावर भिजत उभी असेल.
तिला कुणी विचारलं नसणार.

फॉर्मवर डॉक्टरांचं अक्षर पळत सुटलेलं :
चार महिने नाक चोंदलेलं, खपल्या, सायनस म्हणून औषधं.
डोळा लाल. गुडघे, मग मनगटं.
आता लघवीत रक्त.
शाळेत स्वयंपाक करते, असंही लिहिलंय, का कोण जाणे.
खाली दोनदा रेघ ओढून : तातडीचं.

भिंगाला डोळा लावला.
आधी काहीच नाही.
मग एकेक पेशी उजळत आली,
कच्च्या सफरचंदाच्या सालीसारखी हिरवी,
नीट भाजलेल्या रव्यासारखी दाणेदार.
केंद्रकाच्या पाकळ्या तेवढ्या काळ्या,
आणि पाकळ्यांच्या बेचक्यात हिरवा जास्त दाट.
चाळीस, ऐंशी, एकशे साठ,
पातळ करत गेले तरी विझेना.

कुंपणच शेत खातं,
नोकरीच्या पहिल्या वर्षी आईला फोनवर असंच समजावलं होतं.
ती म्हणाली, अगं, कुंपणाला काय ठाऊक शेत कुणाचं?
तेव्हा हसले होते.
पट्टीवरच्या पेशी तर परक्याच्या,
तरी एल्स्पेथच्या प्रतिपिंडांनी त्या ओळखल्या, जन्माची ओळख असल्यासारख्या.
म्हणजे वैर तिच्याशी नाहीच.
सगळ्यांच्याच घरात असतं ते प्रथिन,
दाराआड ठेवलेल्या काठीसारखं, जंतू आले तर म्हणून.
हे त्या काठीलाच चोर समजून बसलेत.

शेजारच्या पट्टीवरचा माणूस अंधुक.
तीनदा पाहिलं, अॅलिस्टरला बोलावलं.
तो म्हणाला, हिरवं काय, गवतही असतं.
'अनिश्चित' लिहिलं.
त्या एका शब्दाला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

एल्स्पेथचा आकडा दुसऱ्या यंत्रानेही दिला : पीआर-थ्री, जुळला.
वॉर्डात फोन लावला. डॉक्टर बकन.
नाव, जन्मतारीख, आकडा,
त्याच्याकडून परत वाचून घेतला, नियमच आहे तसा.
पलीकडे पेन थांबलं.
मग तो म्हणाला, गुड.

मी मनातल्या मनात मराठी केलं : बरं झालं.
अजून झालेलं नाही.
चाचणी म्हणजे निदान नव्हे, निदान म्हणजे औषध नव्हे,
उद्या किडनीत सुई घालून ते तुकडा काढतील.
पण स्टेरॉइडची पहिली बाटली आज रात्रीच लागेल.

पडदा सारला. बाहेर टे नदीवरच्या पुलाचे दिवे,
बाकी आतल्यासारखंच.
डब्यात दुपारचं सफरचंद राहिलं होतं.
लाल.
उभ्याउभ्याच खाल्लं.