धरत नाही

इरण्णा उद्या येतो म्हणाला
त्याला आज एकोणीस दिवस झाले.
फोन लावला की आवाज एकदम ताजा :
"निघालोच की ओ वैनी, अशोक चौकात आहे बघा."
अशोक चौक आमच्यापासून सात मिनिटांवर.
तिथून तो एकोणीस दिवस येतोय.

तोवर भिंत आपली आपण उतरू लागली.
आधी कपाटामागे फुगा धरला,
फुग्याचा पोपडा झाला,
पोपड्याच्या आत मागचा पिस्ता,
पिस्त्याच्या आत सासूबाईंच्या वेळचा निळा चुना.
रोज सकाळी केर काढताना
सुपलीत थोडं थोडं घर येतं.

एप्रिलात इथं सगळंच सुटतं म्हणा.
नाकाच्या शेंड्याची कातडी, ओठांची सालं,
बंद गिरणीच्या फाटकाचे तांबडे टवके,
हात लावला तर बोटांना गंज.

भार्गवी विचारते, काकू,
येतो म्हणून न येणाऱ्या माणसाला
मराठीत एकच शब्द काय?
मी म्हटलं धरसोड्या. वायदेबाज. शब्दाचा कच्चा.
एकही इरण्णाला चिकटेना.
सुटणाऱ्या वस्तूंना मात्र आपल्याकडे शब्दच शब्द :
दगडाची कपची, कांद्याचा पापुद्रा,
आणि डोक्यातला कोंडा
(हा मी हळू सांगितला,
शेजारी कोंडा आडनावाची तीन घरं आहेत,
एकाकडे आमचे चादरींचे पैसे अडकलेत).
आणि खपली.
खपली म्हणजे हुग्गीचा गहू, हे तिला ठाऊक होतं.
दुसरी तिच्या गुडघ्यावरच होती,
स्कूटीवरून पडल्याची.
नखानं उचकटत होती, मी हात मारला.
अगं, जखमेवर खपली धरते म्हणतो आपण.
धरते.
सुटायच्या आधी ती धरून असते ना काही दिवस.

इरण्णा आला तो पाण्याच्या दिवशी.
चार दिवसांनी नळ आलेला,
घरभर घागरी, बादल्या, कुकरची भांडीसुद्धा भरलेली,
आणि हा दारात पत्री घेऊन उभा.
"कुठं होतास रे?"
"इथंच की."
रंगाचा डबा आणलाच नव्हता.
दुपारभर नुसता खरवडत बसला.
मी म्हटलं, वरून एक हात मारून टाक, झाकलं जाईल.
मान न वळवता म्हणाला,
"पोपड्यावर रंग मारला की पोपड्यासंगट खाली येतो.
धरत नाही."

संध्याकाळी त्याच्या पाठीवर सगळं घर पांढरं होऊन बसलेलं.
पाणी दिलं तर उभ्यानं प्यायला.
गेला. उद्या येतो म्हणाला.

मग मला अक्काची आठवण झाली.
खोटं कशाला बोलू, आठवण रोजच होते.
संक्रांतीपासून तिला सांगतेय, रविवारी येते.
विडी घरकुल काही लांब नाही, शेअर रिक्षा मिळते.
अक्का कारण विचारत नाही, नुसतं "बरं" म्हणते.
तिचं "बरं" आताशा फार पातळ झालंय,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं,
त्यातून पलीकडचं सगळं दिसतं.

बुधवारी गेले. रविवार नव्हता, काही नव्हतं.
साखर पेठेतून अर्धा किलो खारी घेतली,
रिक्षात चौघी दाटून बसलो,
पुडा माझ्या मांडीवर होता तरी
अक्काच्या दारात पोचेतो एक पदर शाबूत नव्हता.
तिनं सुपातली तेंदूची पानं बाजूला सारली,
पुडा उघडून आत बघितलं :
"पदराला खार लावून भुगा आणलास होय गं?"
आणि हसली,
खालचे दोन दात कधी पडले मला माहीत नव्हतं.

चहात बुडवायला काही उरलं नव्हतं.
बोट ओलं करून तिनं एकेक पापुद्रा टिपला,
तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट,
सावकाश, कागद दिसेपर्यंत.
मधेच विचारलं, "आता परत कधी?"

मी तोंड उघडलं.
जीभ नेहमीच्या जागी गेलीही होती.
मग पुडा माझ्याकडे ओढला
आणि माझंही बोट ओलं केलं.