धार तेवढी काढायची

कागदात गुंडाळून आणलं होतं त्यानं,
कागदावर हळदीची बोटं उमटलेली.
"अण्णा, रीळ आहे.
तुमी रिळांचंच काम करता की."

करतो. बत्तीस वर्षं, गणपती पेठेत,
शिलाई मशीनचं: शटल, बॉबिन, झिजलेले दाते.
हे रीळ मात्र नदीचं होतं.
दस्तगीर पायरीखालीच उभा,
मार्केट यार्डातला हमाल, कानाच्या पाळीपर्यंत पिवळा.
"दोनदा साबणानं धुतलंय," म्हणाला, "वास घेऊन बघा."
म्हणजे त्याला ठाऊक होतं
आमच्यात काय चालत नाही,
आणि चातुर्मासात तर बटाटासुद्धा नाही.

मी वास घेतला नाही.
चष्मा घेतला.

आयर्विन पुलाखाली दगडावर आपटलं म्हणे,
तेव्हापासून तंगूस तुटतो,
नेमका मोठा लागल्यावर.
फिरकीचा काठ डोळ्याला गुळगुळीत. बोटालाही.
पण माझी बोटं तेलानं जाड झालीत,
त्यांची साक्ष मी हल्ली धरत नाही.
बस्तीतल्या दिव्यासाठी पद्मानं वाती वळून ठेवल्या होत्या,
त्यातली एक उचलली, पिंजली,
काठावरून सावकाश फिरवली.
एके ठिकाणी एक तंतू थांबला.
तिथं. खसखशीएवढं.

बायका मशीन घेऊन येतात तेव्हा दोऱ्याला शिव्या घालतात,
दोरा कच्चा, दोरा स्वस्तातला, दुकानदार लबाड.
मी शटल उघडून हीच खसखस दाखवतो.
त्यांना दिसत नाही. पैसे देतात, पण पटत नाही.

कानस हातात घेतली आणि हात राहिला.
म्हटलं, दस्तगीर,
हे मी नीट केलं तर गळाचं एक टोक
माझ्याकडे येतं बघ.

त्यानं मान खाजवली, नख पिवळं झालं.
"येतं की. खोटं कशाला बोलू?
पण तंगूस तुटला म्हणजे मासा सुटतो होय, अण्णा?
गळ तोंडात घेऊन जातो तो. मागं वीस हात दोरी.
हरिपूरला संगमावर एक बघितला मी,
बाभळीच्या मुळीला गुंतलेला,
दोन दिवस तरी..."
पुढचं त्यानं गिळलं.
रस्त्यावरून एक टेम्पो गेला, हळदीच्या पोत्यांचा,
आम्ही दोघं तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसलो.

कानस ठेवून दिली. कानशीनं असलं काम बिघडतं.
पाण्यातला कागद घेतला, हजारचा, मग दोन हजारचा,
तेलाचा एक थेंब,
आणि काठाच्या वळणानं, काठाच्याच चालीनं.
एका जागी घासत बसलं की तिथं नवा खड्डा.
उठलेली धार तेवढी काढायची.
खोक राहते. राहू दे.
ती कापत नाही, नुसती असते.

तरी खोकेत नातीची नखपॉलिश भरली,
घरात दुसरा रंग नव्हता, गुलाबी.
वाळेपर्यंत दस्तगीरनं पुढचा सोललेला तंगूस
वावभर कापून टाकला,
मी फिरकीच्या पोटातली हळद ब्रशनं झाडली.
चिमूटभर निघाली. इतकी की भाजीला पुरली असती.

पुन्हा वात फिरवली.
कुठंच अडकली नाही.
त्यानंही एकदा फिरवून बघितली, श्वास धरून,
आणि हसला, दात तेवढे पांढरे.

तीस रुपये दिले. मी घेतले.
गल्ल्यात टाकायचे की बाजूला ठेवायचे
हे ठरेना, म्हणून मशीनच्या खणात ठेवले,
तुटक्या सुयांबरोबर. अजून तिथंच आहेत.

रात्री पद्मानं विचारलं, वात कुणी पिंजली?
बॉबिनला लागली, म्हटलं.
गुलाबी हाताकडे बघत ती म्हणाली,
कसली बॉबिन?
मोठी होती, म्हटलं.