प्रतिवादी क्रमांक दोन

कोर्ट नाक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, शिपाई पुकारतो:
हेमांगिनीदेवी मुरारराव सरखोत, हजर?
कोपऱ्यातला पंखा तेवढा मान हलवतो, नाही.
मग माझं नाव. मी हजर असतो.
लग्नपत्रिकांवर अजून श्रीमंत लावतात मला,
इथे मी प्रतिवादी क्रमांक दोन.

एकच मिठागर आईने दोघांना विकलं.
कळव्याच्या अलीकडचं, खाडीला लागून,
पणजोबांच्या सनदेतलं शेवटचं.
सोमवारी एका बिल्डरला, गुरुवारी दुसऱ्याला,
दोन्ही कागदांवर तीच सही, तीच रेखीव वेलांटी,
आणि शुक्रवारी एक बॅग घेऊन रिक्षात बसली.
रिक्षावाल्याने जबाबात सांगितलं,
बाईंनी सुट्टे परत घेतले नाहीत.
तिच्याबद्दल एवढंच काय ते कोणी बरं बोललं.

तेव्हा मी दिसलो की लोक बोलायचे थांबत.
आता थांबत नाहीत.
यातलं बरं कुठलं, मला ठरवता आलेलं नाही.
नवरात्रात देवीच्या पहिल्या ओटीचा मान आमचा,
अजूनही आहे,
फक्त माझ्या हातून ताट घेताना
पुजारी नारळ मोजतो.

बामाबाय भोईर दर महिन्याला येते.
तिच्या नवऱ्याची सोळा महिन्यांची मजुरी
आईच्या वहीत 'देणे' म्हणून नीट लिहिलेली आहे.
मी फेडतो, थोडी थोडी,
वागळे इस्टेटमधल्या पगारातून.
ती नोटा मोजत नाही, पदराला गाठ मारते नि विचारते,
"आयस कंदी येल रं तुजी?"
आमच्या मिठाला तीच एक जागली,
आणि ते मीठ तर तिनेच काढलेलं.

वकीलबाई फणसे म्हणतात, सात वर्षं झाली.
ज्यांना कळायला हवं त्यांना काही कळलेलं नाही,
एवढं शपथेवर लिहून द्या.
आई कायद्याने वारेल,
तुम्ही कायद्याने वारस व्हाल.
मग दोघांशी तडजोड, एक टॉवर, तुम्हाला दोन फ्लॅट,
नावसुद्धा तुमचंच देतील: सरखोत हाइट्स.
खाली एक ओळ रिकामी आहे.
काही बातमी?

दर वाढदिवसाला, अकरा-साडेअकराला, फोन येतो.
नंबर वेगळा. कोणी बोलत नाही.
मागे कुकर असतो.
पहिल्या वर्षी नऊ शिट्ट्या मोजल्या मी,
मग कोणीतरी धावलं, काहीतरी पडलं.
ती, जिने कधी गॅस पेटवला नव्हता,
जिला पाणीसुद्धा तबकातून लागायचं.
यंदा तीनच शिट्ट्या.
मग बटण फिरवल्याचा टक् आवाज,
आणि फोन बंद.
भात मोकळा झाला असणार.

मला तिचा राग येतो. तो गेलेला नाही.
सोळा महिन्यांची मजुरी, बामाबायची गाठ,
तो नारळ मोजणारा हात,
हे सगळं मागे टाकून ती कुठेतरी
शिट्ट्या मोजायला शिकते आहे.

काल पुलावर स्कूटर थांबवली.
मिठागरात भरतीचं पाणी नुसतं येऊन जाऊन होतं.
दोन मालकीच्या पाट्या समोरासमोर, दोन्ही गंजलेल्या,
मध्ये बगळा.
पेन होतं. शपथपत्र डिकीत होतं.
बराच वेळ उभा राहिलो,
मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते.
मग फणसेबाईंना मेसेज केला:
पुढची तारीख घ्या.