पाच तास जास्तीचे

धरमपेठेत, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात
लांजेवार विचारतो, "काकू, जातानी बोट का येतानी?"
साउदम्प्टनहून न्यूयॉर्कला गेलं
तर बहुतेक रात्री घड्याळ तासभर मागे.
उलट आलं, तर तोच तास समुद्रात.

आमच्या झिरो माइलच्या दगडावर
गावांची अंतरं आहेत, पाण्याचं एकही नाही.
समुद्र मी अंबाझरीवरून अंदाजे धरलेला.

हे असते तर म्हणाले असते, येताना घे,
घरी लवकर पोचू.
त्यांना सगळीकडून लवकरच निघायचं असे.

जातानाची लिही, म्हटलं.
पाच तास जास्तीचे.

एकटीला कशाला, हे त्यानं विचारलं नाही.
पावती फाडली.
बाहेर सत्तेचाळीस अंश,
आणि माझी छत्री
त्याच्याच टेबलाखाली राहिली.