अंड्याचा लिलाव

ग्रिम्स्बीत ऑक्टोबरात उजेडसुद्धा कामावर उशिरा येतो.
रात्रपाळी संपवून,
वृद्धाश्रमातल्या अठरा उशा सरळ करून
मी घरी गेले नाही. चॅपलच्या मागच्या बाकावर बसले,
कोटाच्या खिशात हॉस्पिटलचं पत्र,
तीन दिवस न फोडलेलं.

मी रोज गुडघे टेकते असं नाही.
उशी सरळ करताना एकेकाचं नाव घेते,
डोरिस, विल्फ, आयव्ही,
तेवढीच माझी प्रार्थना, हात रिकामे नसतात म्हणून.

आज कापणीचा सण.
इथली कापणी म्हणजे बीन्सचे डबे, पास्त्याची पाकिटं,
दुधीचा थोरला भाऊ म्हणावा असा एक मॅरो,
रुमालावर बाळासारखा निजवलेला,
आणि स्टॅन ब्लँचर्डच्या कोंबड्यांची सहा अंडी.
आम्ही अकरा जण. बॉयलर बंद.
प्रार्थनेत सगळे ब्रेड म्हणतात
तिथे माझ्या तोंडून अजून भाकर निघते
आणि त्या एका शब्दापुरता नाकाशी चुलीचा धूर येतो.

राहुरीच्या आमच्या देवळात
(देऊळच म्हणायचो आम्ही, चर्च हा शब्द पाळकांच्या पत्रांपुरता)
कापणीच्या रविवारी लिलाव असायचा.
ज्वारीची कणसं, शेवग्याच्या शेंगा,
पाय बांधलेली कोंबडी, जी उपदेशाच्या मध्येच
आमेन म्हटल्यासारखी ओरडायची.
आणि सगळ्यात शेवटी शांतवन मास्तर
एक अंडं दोन बोटांत धरून उंच करायचे.
बोला, चार आणे!
कंपाउंडर बार्नबास रुपया बोलायचा, अंडं घ्यायचा
आणि परत टेबलावर ठेवायचा.
मग रुथमावशी, दीड. तिचंही परत.
मग दादा, ज्यांच्या खिशात दोन रुपये असणं
ही गावातली अफवा होती,
दोन म्हणायचे
आणि आई काही न बोलता पदराची गाठ सोडायची.
अंडं फिरत राहायचं,
सगळ्यांनी विकत घेतलेलं, कुणाचंच नसलेलं,
दर वेळी थोडं महाग.
मी विचारलं होतं, दादा, ते खाणार कोण?
गप बस, अजून बोली चालू आहे.

उपासना संपली. जॅनिसबाई म्हणाल्या,
डबे फूड बँकेत जातील.
अंडी ते घेत नाहीत, तारखेचा शिक्का नाही त्यांवर.
कुणी नेईल का?
कुणी हललं नाही. स्टॅन आपल्या बुटांकडे बघत होता.

माझा हात कसा वर गेला मला माहीत नाही.
दोन पौंड, मी म्हणाले, एका अंड्याचे.
माणसं हसली, जराशी घाबरून.
मी नाणी ठेवली, अंडं उचललं, परत ठेवलं.
समजावून सांगताना इंग्रजी तीनदा अडखळलं.
मग मॉरीन क्रिब उठली,
जिला ईस्टरपासून नवऱ्याचं नाव आठवत नाही.
तीन, ती म्हणाली,
आणि अंडं तिनं इतकं अलगद परत ठेवलं
जणू राहुरीला तीही होती, बायकांच्या बाजूला, सतरंजीवर.

एकतीस पौंडांवर स्टॅननं
स्वतःच्याच कोंबडीचं अंडं विकत घेतलं.
बॉयलरला नऊशे लागतात. असू दे.
दारात त्यानं ते माझ्या हातमोज्यात ठेवलं
आणि हवेबद्दल काहीतरी बोलला.

घरी पाणी उकळतंय.
पत्र मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलंय. फोडीन.
शांतवन मास्तर,
तुमचं नाव मी लहानपणी फक्त हाक मारायला वापरलं.

दादा, मी खातेय.
मीठ जरा जास्त पडलं.