दंतवैद्य

गुरुवारी साडेपाचला, जुन्या गिरणीमागे,
चार गाड्यांची मागची दारं उघडायची, सायकली उतरायच्या.
कोण आलंय ते आधी आवाजावरून कळायचं:
लोर्नाच्या ब्रेकची किंचाळी,
दुआर्तेचं टायरमधली हवा सोडणं,
फुस्, थांब, अंगठ्यानं दाबून बघ, पुन्हा फुस्,
आणि वेंडेलचं, “आज मी मागेच राहतो,”
जणू एरवी तो पुढे असायचा.

न्यू हॅम्पशरच्या या रानात माती कमी.
हिमनदी जाताना जे टाकून गेली ते सगळं इथंच आहे,
घर रिकामं करताना कुणी अडगळ अंगणात ठेवून जावं तसं.
मधूनच दगडी गडगा लागतो, कमरेएवढा.
दोन्ही बाजूंना हेमलॉक आणि बीच;
कुंपण कशाला, कुणापासून, ते झाडांनाही ठाऊक नाही.
मेंढ्या होत्या म्हणे इथं. कुरणं होती.
आम्ही खिंडारातून एकेक जण जातो,
हँडल वाचवत, कोपर आत.

नियम एकच: पाय टेकला की चढण मोजायची नाही.
आणि त्या नियमाच्या वाटेत आडवा तो खडक, दंतवैद्य.
दुसऱ्या वर्षी लोर्नाचा पुढचा दात त्यानं काढला, भूल न देता.
रक्त थुंकून ती म्हणाली, “फी किती?”
आम्ही हसलो, मग पाचोळ्यात गुडघ्यांवर बसून शोधलं.
बीचची टरफलं मिळाली, कुणाचं तरी गंजलेलं बकल मिळालं.
दात नाही.

तीन पायऱ्या आहेत त्याला.
पहिलीला वेग लागतो, दुसरीला वेग नको,
तिसरीला काय लागतं ते कुणालाच माहीत नव्हतं,
कारण तिथं एक मूळ आहे, ओलं, हाडासारखं;
मागचं चाक जागच्या जागी फिरतं
आणि पहिले पाढे पंचावन्न.
दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात.
इथं वीट नाही. दगडापेक्षा मऊ दगड शोधावा लागतो.

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं फारसं नाही.
दुआर्तेच्या मुली शिकायला गेल्या.
लोर्नानं घटस्फोटाच्या दिवशी अख्खा उतार ब्रेक न लावता मारला,
खाली पोहोचल्यावर कारण सांगितलं.
माझी चेन तुटली तेव्हा काळ्या माश्यांच्या ढगात
वेंडेलनं ती जोडली, तोंड मिटून, नाकानं शिव्या देत.

मग चौदाव्या वर्षी, ऑक्टोबरात,
आम्ही तिघं पुढं जाऊन पाणी पीत बसलो होतो.
वेंडेल आला, नेहमीसारखा शेवटी.
सायकल झाडाला टेकवली, हेल्मेट काढलं, म्हणाला,
“चढलो.”
काय?
“दंतवैद्य. पाय न टेकता.”

दुआर्ते मागं जाऊन खडक बघून आला.
खडकावर काय दिसणार? शेवाळ खरचटलेलं होतं,
पण ते आम्हीच सगळ्यांनी खरचटलेलं, वर्षानुवर्षं.
लोर्ना म्हणाली, पुन्हा करून दाखव.
जमलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.
आम्ही त्याला खोटा म्हटलं नाही.
खरा म्हणायचं मात्र राहून गेलं.

आता त्याच्या दोन्ही गुडघ्यांत धातू आहे.
सायकल भाच्याला दिली. तरी गुरुवारी येतो,
करवत आणि थर्मास घेऊन तासभर आधी चालत निघतो,
आडव्या फांद्या कापतो, चर मोकळे करतो,
आणि आम्ही गडगा ओलांडेपर्यंत
खडकाच्या माथ्याशी उभा असतो, वाट सोडून, जरा बाजूला.
“गारठशील,” लोर्ना म्हणते.
“कुणीतरी बघायला पाहिजे,” तो म्हणतो.

काल मी पहिली पायरी घेतली, दुसरी घेतली,
मुळाशी पुढचं चाक उचललं, श्वास धरला,
आणि नेमके त्याचे बूट दिसले, डोळ्यांसमोर,
एकाची लेस सुटलेली.

“टेकला. बघितलं मी,” तो म्हणाला,
आणि थर्मासच्या झाकणात माझ्यासाठी कॉफी ओतली.